मक्यावरील रोग आणि जमिनीतील उपकारक बुरशी

1974 सालच्या शरद ऋतूत गुजरातमधील पंचमहाल आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत काविळीची एक विलक्षण साथ उद्भवली. दीडशेहून अधिक खेडी तिच्या तडाख्यात सापडली. रोग्याचे डोळे पिवळे पडत, पोटात झपाट्याने पाणी साठे आणि औषधोपचाराला फारसा अवसर न मिळता अनेक जण दगावत. 397 जणांना बाधा झाली, त्यांपैकी 106 मृत्यू पावले. नेहमीच्या काविळीशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी या साथीत होत्या. मका हेच ज्यांचे मुख्य अन्न, अशा आदिवासी कुटुंबांतच ती आढळली. आणि त्या घरांतील उष्ट्या भाकरीवर जगणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास करून 1975 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोष मक्यावर वाढलेल्या बुरशीचा होता. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस आला, कणसे भिजली, पुरेशी न वाळवताच ती साठविली गेली आणि त्यांवर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर हिरवी बुरशी माजली. ही बुरशी ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. बाधित माणसांच्या पोटात महिनाभर दररोज 2 ते 6 मिलिग्रॅम इतके विष जात असावे, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. हे विष भाकरी भाजल्याने किंवा कणी शिजविल्याने नष्ट होत नाही. थोड्या प्रमाणात ते दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग संभवतो, आणि दुभत्या जनावराच्या खाद्यात गेल्यास त्याचा अंश दुधात उतरतो.

त्या घटनेची आठवण येथे करून देण्याचे कारण असे की, मक्याच्या कणसावर दिसणारी ही बुरशी मूळची जमिनीतील आहे. पिकाचे अवशेष, पडलेले दाणे, जुनी धाटे यांवर ती शेतातच जगते आणि तेथूनच वाऱ्याने व किडींच्या अंगाला चिकटून कणसापर्यंत पोहोचते. मक्याचे खोड कुजविणाऱ्या बुरशाही जमिनीतच दबा धरून असतात. अर्थात रोग पानावर, खोडावर वा कणसावर दिसला तरी त्याचे घर पुष्कळदा पायाखाली असते. त्याच घरात रोगकारक बुरशीचे शत्रूही राहतात, हे मात्र शेतकऱ्यांच्या फारसे ध्यानात येत नाही. ‘बुरशी’ म्हटले की नुकसान, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः जमिनीतील बहुसंख्य बुरशा पिकाला कोणताही अपाय करीत नाहीत, आणि काही तर उघड उपकारक आहेत.

ट्रायकोडर्माची ओळख

अशा उपकारक बुरशांत आज सर्वांत परिचित झालेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. हे नाव 1794 साली पर्सून या शास्त्रज्ञाने दिले. पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती कुजक्या लाकडावर व पालापाचोळ्यावर दिसणारी एक सामान्य हिरवी बुरशी म्हणूनच गणली गेली. तिचा खरा गुण 1932 साली वाइंडलिंग या संशोधकाने उजेडात आणला. रोपांची मूळकुज करणाऱ्या रायझोक्टोनिया या बुरशीच्या तंतूंना ट्रायकोडर्माचे तंतू वेलासारखे वेढे घालतात, त्यांत शिरतात आणि त्यांना मारून त्यांच्यावर पोसतात, असे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखविले. एका बुरशीने दुसऱ्या बुरशीची शिकार करावी, ही कल्पना त्या काळी नवीन होती. लिंबूवर्गीय रोपांवर प्रयोग करताना त्यांना असेही दिसले की आम्ल जमिनीत ट्रायकोडर्मा जोमाने वाढते.

रोगकारक बुरशीच्या तंतूंचे कवच मुख्यतः कायटिन व ग्लुकॅन या पदार्थांचे असते. ते विरघळविणारी पाचक द्रव्ये ट्रायकोडर्मा स्रवते. शिवाय काही प्रकार रोगकारक बुरशीला मारक अशी रसायनेही सोडतात. परंतु शेतातील तिचे सर्वांत मोठे कार्य याहून साधे आहे. ती वेगाने वाढते. मुळाभोवतालची जागा आणि तेथील अन्न ती आधी व्यापते, आणि मागाहून आलेल्या रोगकारक बुरशीला पाय रोवण्यास वाव उरत नाही. बसगाडीत आधी चढलेल्याला जागा मिळते, तसाच हा प्रकार आहे. ट्रायकोडर्माचा उपयोग कसा व केव्हा करावा, याचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

कुजक्या पदार्थांवर ताव मारण्याची तिची शक्ती किती दांडगी आहे, याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू आणि कापडी सामान भराभर कुजू लागले. त्याचा शोध घेता जी बुरशी सापडली, ती ट्रायकोडर्माचीच एक जात निघाली. कापडाचा नाश करणारी ही जात आज कारखान्यांत सेल्युलोज विरघळविणारी द्रव्ये बनविण्यासाठी मुद्दाम वाढविली जाते. शेतकऱ्याने यातून ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, या बुरशीला सेंद्रिय खाद्य हवे. ज्या जमिनीत शेणखत वा कंपोस्ट वर्षानुवर्षे पडलेले नाही, तेथे पुडीतील भुकटी टाकून मोठी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

मक्याच्या मुळाशी

मका आणि ट्रायकोडर्मा यांच्या संबंधाचा बारकाईने अभ्यास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनेव्हा येथील केंद्रात झाला. हार्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात दोन वाणांच्या पेशींचा संयोग घडवून टी-22 नावाचा एक वाण सिद्ध केला. मक्याच्या बियाण्याला तो चोळला असता अंकुरणाऱ्या मुळाबरोबर तोही वाढत जातो व संपूर्ण हंगामभर मुळावर टिकून राहतो, असे दिसून आले. मुळांचा विस्तार वाढला, आणि काही प्रयोगांत नत्रखताचा अधिक चांगला उपयोग झाल्याचेही आढळले.

ट्रायकोडर्मा मुळाच्या केवळ पृष्ठभागावर राहत नाही, हे त्यानंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. ती मुळाच्या बाहेरील एक-दोन थरांत शिरते. मका तिला तेथेच अडवून धरतो, आत जाऊ देत नाही; पण या झटापटीत रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. मुळाशी ट्रायकोडर्मा असलेल्या मक्याच्या पानांवरही करप्यासारख्या रोगाचा जोर कमी राहतो, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. पानाला बुरशीचा स्पर्शही झालेला नसताना हे घडते. लस टोचली असता शरीर सावध होते, त्याच्याशी या क्रियेचे काहीसे साम्य आहे.

खोडकुज : ओळख आणि उपाय

बेळगाव, हावेरी, दावणगेरे हे कर्नाटकातील जिल्हे, माळव्यालगतचे धार-झाबुआ, गुजरातचे पंचमहाल-दाहोद आणि तेलंगणाचा मोठा भाग येथे मका हे महत्त्वाचे पीक आहे. या साऱ्या मुलखात मक्याला फुलोऱ्यानंतर होणारी खोडकुज हा ओळखीचा रोग होय. तुरा आणि केस येईपर्यंत पीक हिरवेगार असते. दाणे भरण्याच्या सुमारास मात्र काही झाडे एकाएकी मलूल होतात, अकाली वाळतात, खालची कांडी गवताच्या रंगाची होऊन पोकळ बनतात आणि थोड्याशा वाऱ्याने झाड लवते. कणीस येते, पण दाणे हलके भरतात. शेतकरी पुष्कळदा याला पाण्याचा ताण समजतो.

अशा झाडाचे खोड उभे चिरून पाहावे. आतील भेंड चिंध्यांसारखे झाले असून त्यावर गुलाबी झाक असेल, तर ते काम बहुधा फ्युजेरियम या बुरशीचे समजावे. भेंडावर आणि तंतूंवर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके असतील, तर ती मॅक्रोफोमिना होय. ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हिची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. ज्वारीचा ‘खडखड्या’ हीच बुरशी करते. म्हणून ज्या रानात ज्वारीला खडखड्या येतो, त्या रानात मका घेताना आधीच सावध असावे. तिचे काळे कण जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहतात आणि फुलोऱ्यानंतर ऊन व पाण्याची ओढ पडली की उचल खातात.

एकदा खोड कुजू लागले की त्यावर कोणतेही औषध फवारून लाभ होत नाही. ट्रायकोडर्माही तेथे निरुपयोगी ठरते. रोग दिसल्यावर कृषी सेवा केंद्राकडे धाव घेऊन ती आणणारे शेतकरी नंतर तिला दोष देतात. तो दोष उशिराचा असतो. ट्रायकोडर्मा पेरणीबरोबर किंवा त्याआधीच जमिनीत गेली पाहिजे.

बीजप्रक्रियेसाठी दर किलो बियाण्यास 4 ते 10 ग्रॅम भुकटी लागते. नेमके प्रमाण वेष्टनावर दिलेले असते. एकरी 8 किलो बियाणे धरल्यास 80 ग्रॅमपेक्षा अधिक भुकटी लागत नाही, म्हणजे खर्च नगण्य आहे. गुळाचे पातळ पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्याने बियाणे जेमतेम ओलसर करावे, वर भुकटी टाकून हलक्या हाताने घोळावे आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. उन्हात पसरलेल्या बियाण्यावरील बुरशी मरते आणि सारा खटाटोप वाया जातो.

येथे एक अडचण उद्भवते. संकरित मक्याचे बियाणे पुष्कळदा कारखान्यातूनच बुरशीनाशक लावून येते. त्याचा लाल-गुलाबी रंग ही त्याची खूण. बुरशीनाशकाला शत्रू बुरशी आणि मित्र बुरशी यांतील भेद कळत नाही. विशेषतः कार्बेन्डाझिम हे ट्रायकोडर्माला मारक आहे. त्यामुळे रंगीत बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळण्यापेक्षा ती शेणखतातून जमिनीत देणे श्रेयस्कर. हेक्टरी 2.5 किलो भुकटी 50 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावी. ढीग सावलीत ठेवावा, त्यावर पाणी शिंपडावे आणि ओले गोणपाट झाकावे. खत मुठीत दाबले असता त्याचा लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतकीच ओल असावी. तीन-चार दिवसांनी एकदा ढीग खालवर करावा. दहा-पंधरा दिवसांत त्यावर पांढरी व मागाहून हिरवी बुरशी दिसू लागते. हे खत ओलीवर, पेरणीच्या ओळीत द्यावे. ताजे शेण मात्र वापरू नये. ते कुजताना तापते.

ट्रायकोडर्माच्या जोडीला शेतीची नेहमीची शिस्त हवीच. तुरा येण्यापासून दाणे भरेपर्यंत पिकाला पाण्याचा ताण पडू न देणे, रोपांची दाटी टाळणे, पालाशची मात्रा न वगळणे आणि रोगट धाटे रानात न सोडणे, या गोष्टींचा खोडकुजीवर होणारा परिणाम कोणत्याही पुडीपेक्षा कमी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पाणी नसते हे खरे. त्याने निदान दाटी आणि धाटे यांकडे लक्ष द्यावे.

पुडी घेताना

भुकटी ही निर्जीव पावडर नाही. तिच्यात जिवंत बीजाणू असतात. भारतात ट्रायकोडर्माची विक्री 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करूनच करता येते. एका ग्रॅममध्ये निदान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत, असा भुकटीसाठी दंडक आहे. पुडीवर नोंदणी क्रमांक, जातीचे नाव, बीजाणूंची संख्या, निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख या गोष्टी नसतील तर ती घेऊ नये. तारीख योग्य असूनही दुकानदाराने पुडी पत्र्याखाली, उन्हाच्या झळीत ठेवली असेल तर आत काय जिवंत उरले असेल, याचा विचार ग्राहकानेच करावा. ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी गावात पुडी आल्यावर तारीख वाचून दाखविण्याचे एवढे काम जरी केले, तरी शेतकऱ्यांची बरीच फसगत टळेल.

ट्रायकोडर्माच्या सर्वच जाती सर्वत्र उपकारक असतात, असेही समजू नये. अळिंबीच्या शेडमध्ये तिच्या काही जाती हिरव्या बुरशीचा घातक रोग पसरवितात. म्हणून अळिंबी उत्पादकांनी हे शेणखत शेडच्या आसपासही नेऊ नये. जर्मनीत 2018 साली तर तिची एक जात मक्याच्या कणसांवरच रोग म्हणून आढळली. अशी उदाहरणे पाहून उपाय टाकून देण्याचे कारण नाही. परंतु कोणाच्या तरी बांधावरची हिरवी बुरशी उचलून ती घरी वाढविणे आणि तपासलेला, नोंदलेला वाण वापरणे यांत अंतर आहे, हे ओळखावे.

कणसावरील विष आणि आफ्रिकेतील उपाय

पंचमहालात ज्या बुरशीने माणसे मारली, तिच्याशी लढण्याची एक निराळी रीत पुढे निघाली. अमेरिकेतील पीटर कॉटी या शास्त्रज्ञाने अस्परजिलस फ्लेव्हसचा अभ्यास करताना एक गोष्ट हेरली. या बुरशीचे सर्वच वाण विषारी नसतात. निसर्गात असेही वाण असतात की ज्यांना विष तयारच करता येत नाही. बाकी सर्व बाबतींत ते आपल्या विषारी भावंडांसारखेच. त्यांना तीच जागा हवी असते, तेच अन्न हवे असते. मग बिनविषारी वाण आधी शेतात सोडले तर विषारी वाणांना जागा कोठून मिळणार? ॲरिझोना राज्यातील कपाशीच्या शेतांत ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आली.

आफ्रिकेत तिची निकड अधिक होती. 2004 साली केनियात पंचमहालचीच पुनरावृत्ती झाली. विषारी मका खाऊन 317 जण आजारी पडले आणि 125 मृत्युमुखी पडले. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत रणजित बंद्योपाध्याय या भारतीय वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली कॉटी यांच्या सहकार्याने हे काम झाले. त्यापूर्वी बंद्योपाध्याय हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेत होते. त्यांनी नायजेरियाच्याच मातीतून चार बिनविषारी वाण निवडले. ज्वारीचे दाणे भाजून त्यांची उगवणशक्ती घालवावयाची, त्यांवर या वाणांचे बीजाणू चढवावयाचे आणि मक्याला फुलोरा येण्यापूर्वी दोन-तीन आठवडे हेक्टरी 10 किलो याप्रमाणे ते दाणे ओल्या जमिनीवर हाताने फेकावयाचे, अशी ही रीत आहे. ओल लागताच थोड्या दिवसांत दाण्यावर बुरशी उगवते आणि केस येईपर्यंत सारे शेत तिने व्यापलेले असते. ‘ॲफ्लासेफ’ या नावाने हे दाणे नायजेरियात 2014 साली पूर्णपणे नोंदले गेले. शेतातील मक्यात विषाचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचे वारंवार आढळले आहे.

या उपायातील एक तत्त्व भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावे. हे वाण त्या त्या देशाच्या मातीतूनच निवडले जातात. केनियासाठी केनियाच्या मातीतील वाण वेगळे निवडले गेले. परदेशातील पुडी आणून आपल्या रानात टाकणे हा त्याचा अर्थ नव्हे, आणि कोणी तशी विकू लागल्यास ती घेऊ नये. ट्रायकोडर्माची पुडी बियाण्याला चोळली म्हणजे कणसातील विषाचाही बंदोबस्त झाला, असेही मानू नये. ती मुळाची राखण करते. कणसावरील बुरशी दुसऱ्या वाटेने येते.

त्या वाटा बंद करणे शेतकऱ्याच्या हाती आहे. केसातून आणि किडीने पाडलेल्या भोकातून बुरशी कणसात शिरते. 2018 साली कर्नाटकात प्रथम आढळलेली लष्करी अळी आता मक्याच्या प्रदेशांत सर्वत्र पसरली आहे. ती पोंग्याप्रमाणे कणीसही पोखरते, म्हणून तिचा वेळीच बंदोबस्त करावा. काढणीला उशीर करू नये. किडलेली, बुरसलेली कणसे मळणीपूर्वीच वेगळी काढावीत. मळणी झाल्यावर एक वाईट कणीस साऱ्या राशीत मिसळते आणि मग निवडणे अशक्य होते. उघड्या जमिनीवर रास न घालता ताडपत्रीवर पातळ पसरून मका वाळवावा. दाणा दाताखाली कडक्कन फुटला पाहिजे. त्यातील ओल 13 टक्क्यांच्या वर असता कामा नये. पाऊस आल्यास रास झाकून ठेवावी, पण ऊन पडताच ती लगेच उघडावी, कारण झाकलेल्या ओल्या राशीत दोन दिवसांत ऊब धरते. बाजूला काढलेली बुरसट कणसे गुरांना, कोंबड्यांना किंवा दारच्या कुत्र्याला घालू नयेत. ती जाळून टाकावीत.